अस्थिभक्षक पेशी व तिचा आंतरिक सांगाडा

हाड म्हणजे एकदा बांधून पुरी झालेली वास्तू नव्हे. जिवंत शरीरात ते अखंड झिजविले जाते व अखंड बांधले जाते. प्रौढ मनुष्याच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी असा नवा होतो. हाड झिजविणाऱ्या पेशींस अस्थिभक्षक पेशी किंवा ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. हे नाव कॉलिकर या शास्त्रज्ञाने १८७३ साली दिले. हाड बांधण्याचे काम अस्थिजनक पेशी करतात. झीज वाढली म्हणजे हाडे विरळ व ठिसूळ होतात. उलट झीज थांबली, तर हाडे दाट होतात खरी. पण तीही सहज मोडतात, आणि मज्जेची पोकळी भरून गेल्याने रक्तनिर्मितीस अडथळा येतो.

अस्थिभक्षक पेशी रक्तातील मोनोसाइट या श्वेत पेशींच्या कुळातील होय. अशा अनेक पेशी एकमेकींत मिसळून तिची बहुकेंद्रकी काया बनते. त्यासाठी लागणारा मुख्य संदेश अस्थिजनक कुळातील पेशींकडूनच येतो. त्या रँक-लिगँड नावाचे प्रथिन निर्माण करतात, व ते पूर्वज पेशीवरील रँक या ग्राहकाला जाऊन चिकटते. १९९७ साली वर्णिलेले ऑस्टिओप्रोटेजेरिन हे प्रथिन रँक-लिगँडला वाटेतच अडवून हा संदेश रोखते.

परंतु पेशी तयार झाली एवढ्याने हाड झिजत नाही. पेशीच्या आत ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचा एक सांगाडा असतो. पेशी हाडावर स्थिरावली की हे तंतू कड्याच्या आकारात एकवटतात आणि पेशीची कड हाडाला घट्ट बसते. उपडी वाटी जमिनीवर दाबून बसवावी, तशी आत एक बंद जागा तयार होते. या जागेवरील पेशीपटलाला असंख्य चुण्या पडतात व त्यांतून आम्ल पाझरते. त्याने हाडातील खनिज विरघळते. उरलेले कोलॅजन कॅथेप्सिन-के हे एन्झाइम तोडते. काम संपले की कडे मोडते व पेशी पुढे सरकते.

हे कडे कोणाच्या आज्ञेने बनते? पेशीच्या पृष्ठभागावरील इंटेग्रिन ही प्रथिने हाडाचा स्पर्श ओळखतात. तो संदेश सार्क या एन्झाइमामार्फत आत जातो, आणि रो व रॅक ही प्रथिने तंतूंची जुळणी बदलतात. सार्कचे महत्त्व उंदरांवरील प्रयोगात दिसून आले. १९९१ साली ज्या उंदरांत सार्कचे जनुक निकामी केले होते, त्यांची हाडे अतिदाट झाली. त्यांच्या शरीरात अस्थिभक्षक पेशी पुष्कळ होत्या. मात्र त्यांच्या पटलाला चुण्या पडत नव्हत्या. कामगार हजर, पण हत्यार नाही, अशी ती अवस्था होती.

औषधयोजनेतही हे दोन टप्पे वेगळे दिसतात. कॅल्सिटोनिन हे संप्रेरक तयार पेशीतील ॲक्टिनचे कडे विसकटते. २०१० पासून वापरात आलेले डेनोसुमॅब रँक-लिगँडलाच बांधून ठेवते, त्यामुळे नव्या पेशी बनणे मंदावते. ते मध्येच बंद केल्यास मात्र झीज पुन्हा वेगाने सुरू होते. म्हणून या पेशींचा नायनाट हे उपचाराचे ध्येय नव्हे. झीज व बांधणी यांचा तोल राखणे, हेच ते होय.