खाचरातले ऊन जाते कुठे?

प्रश्न : बोईसरजवळ आमची भातशेती आहे. शेताला मिळणारी ऊर्जा वाया कुठे जाते? राब जाळणे थांबवावे का?

उत्तर : तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९पासून वीज देतो आहे, शेजारची खाचरे मात्र उन्हावरच चालतात. चांगल्या पिकातही त्या उन्हातली जेमतेम एक-दोन टक्के ऊर्जा साठते आणि ती दाणा व पेंढा यांत वाटली जाते. पेंढा म्हशीने खाल्ला, की त्यातला मोठा वाटा तिच्या अंगच्या उष्णतेत जातो. परिसंस्थांचे अभ्यासक रेमंड लिंडेमन यांनी १९४२ मध्ये एका तळ्यातल्या जीवांवरून हीच गळती मांडली होती.

पण पालघरच्या शेतकऱ्याने आधी कॅलेंडर पाहावे. भात पावसाळ्यात, ढगांखाली वाढतो. कापणीनंतर आभाळ निरभ्र होते आणि नेमके तेव्हाच खाचर उघडे पडते! उरलेल्या ओलीवर वाल पेरला, तर तेच ऊन कामी येते. वालाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू पिकाकडून साखर घेतात आणि हवेतला नत्र त्याला देतात. उपटलेल्या वालाची गाठ नखाने फोडून पाहावी. आत लालसर दिसली, तर काम चालू आहे.

राबाचे काय? रोपवाटिकेच्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा रचून जाळल्यावर तणांचे बी मरते, राखेतून पालाश मिळते. मात्र नत्राचा बराच भाग धुरासोबत उडतो आणि मातीतल्या जिवांचे अन्नही जळते. म्हणून यंदा रोपवाटिकेचा अर्धा तुकडा राबाचा आणि अर्धा कुजलेल्या शेणखताच्या गादीवाफ्याचा ठेवावा. लावणीआधी दोन्हीकडची रोपे आणि तण ताडून पाहावे.