लिंक दाबली की उघडली पाहिजे



गांधीबागेत पूर्वी आम्ही कापडाचे नमुने पुठ्ठ्यावर चिकटवून गिऱ्हाईकाकडे पाठवत असू. आता नमुने इंटरनेटवर ठेवतो आणि व्हॉट्सॲपवर लिंक पाठवतो. गेल्या ईदच्या हंगामात आम्ही ४० गिऱ्हाईकांना लिंक पाठवली. एकाकडेही उघडली नाही. पत्त्यात मधेच एक जागा सुटली होती. जागा आली की पत्ता संपला, असे मोबाईल धरतो. अर्धा पत्ता निळा, अर्धा काळा! त्या ऑर्डरी गेल्या त्या गेल्याच.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे :

१) इंग्रजी लहान अक्षरांत 'एचटीटीपीएस', मग कोलन व दोन तिरप्या रेघा, त्यापुढे पत्ता.

२) मधे जागा सोडू नये, शेवटी पूर्णविराम चिकटवू नये.

३) गिऱ्हाईकाने थेट बोलावे असे वाटत असेल, तर पत्ता म्हणून 'डब्ल्यूए डॉट एमई', एक तिरपी रेघ, ९१ व आपला १० आकडी नंबर सलग लिहावा. अधिकचे चिन्ह किंवा सुरुवातीचे शून्य नको.

४) आधी घरच्या दुसऱ्या मोबाईलवर पाठवून दाबून पाहावे.

आणि दुसऱ्याची लिंक आली तर आधी पत्ता वाचावा. ईमेलमध्ये वरचे निळे शब्द एक आणि आतला पत्ता भलताच असू शकतो. तागा उलगडल्याशिवाय आपण माल घेतो का?