टेन्सरच्या आधी लंबक

अकरावीत असताना मला आइन्स्टाइनची क्षेत्रसमीकरणं न बघता लिहिता यायची. खालीवर अंक लावलेली टेन्सरची ती चिन्हं मी वहीत सुबक अक्षरात उतरवायचो आणि पाहुणे आले की वही जरा उघडीच ठेवायचो. त्याच वर्षी वाचनालयात भेटणाऱ्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाने साधं गणित घातलं: गुळगुळीत जमिनीवर पाचर आहे, तिच्या उतारावरून ठोकळा घसरतोय, तर पाचर किती त्वरणाने मागे सरकेल? पहिली ओळसुद्धा सुचली नाही. न्यूटनशी ओळख नसताना मी थेट पुढच्या माणसाच्या घरी जाऊन बसलो होतो.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता तो. गावात रशियन पुस्तकांचं प्रदर्शन भरायचं आणि मीर प्रकाशनाची जाडजूड पुस्तकं खाऊच्या पैशांत यायची. पिस्कुनोव्हचं कॅल्क्युलस मी कादंबरीसारखं वाचून काढलं. इरोडोव्हचं पुस्तक मात्र चाळून परत ठेवलं, कारण त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं, नुसती गणितं होती! आता भौतिकशास्त्र शिकवतो, आणि एकच पुस्तक घ्यायचं तर कुठलं असं कुणी विचारलं की इरोडोव्हचंच नाव सांगतो.

वाचनाने फसगत होते ती अशी. लेखकाने वाटेतले काटे आधीच काढलेले असतात, त्यामुळे प्रत्येक ओळ आधीच्या ओळीतून सहज निघाल्यासारखी वाटते. मान डोलावत प्रकरण संपतं. दुसऱ्या दिवशी कोरा कागद घेऊन तीच सिद्धता मांडायला बसा, तिसऱ्या ओळीपाशी गाडी थांबेल. व्हिडिओत तर हे आणखी वाईट, कारण तिथे पान उलटण्याचेही कष्ट नाहीत.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी लंबक करायला लावतो. मुलं नाराज होतात, हे दहावीपर्यंतच झालंय म्हणतात. होऊ दे. दाराच्या चौकटीला एक मीटरचा लंबक टांगा. थोडासाच झोका दिला तर दहा आंदोलनांना 20 सेकंदांच्या आसपास लागतात, पुस्तकातलं सूत्रही तेच सांगतं. आता 60 अंशांपर्यंत ओढून सोडा. गणिताप्रमाणे आवर्तकाल सुमारे 7 टक्के वाढायला हवा, म्हणजे दहा आंदोलनांत जवळपास दीड सेकंद. प्रत्यक्षात फरक थोडा कमी येतो, कारण झोका आकसत जातो. पण फोनवरच्या घड्याळाला तो कळतो. मग सूत्र चुकलं का? नाही, ते सूत्र साइन थीटाच्या जागी नुसता थीटा घालून मिळवलेलं असतं, आणि ती सूट फक्त लहान कोनांना असते. ती न घेता गणित करायला गेलात की असं संकलन समोर येतं जे नेहमीच्या फलनांत बसतच नाही. त्याला एलिप्टिक इंटिग्रल म्हणतात. ते मालिका मांडून सोडवायचं, किती पदं घेतली की पुरे हे ठरवायचं आणि आपल्या मोजमापाशी ताडून बघायचं. यात महिना गेला तरी चालेल.

त्यानंतर दोन लंबक एकाच आडव्या, जराशा सैल दोरीवर टांगा. एकाला झोका द्या. काही वेळाने तो जवळजवळ थांबतो आणि दुसरा झुलू लागतो, मग पुन्हा उलट. हे का होतं ते लिहून काढताना आयगेनव्हॅल्यू आपोआप दारात येतात. क्वांटम मेकॅनिक्स अवघड जातं म्हणणाऱ्या बऱ्याच मुलांची खरी अडचण तिथेच असते. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू हाताने काढता येत नसतील, तर ग्रिफिथ्सचं क्वांटमचं पुस्तक अजून कपाटातच राहू द्या.

एकट्याने पुढचं शिकू पाहणाऱ्या मुलांच्या बोलण्यात रामानुजनचं नाव हमखास निघतं. निघू दे, पण पूर्ण गोष्ट निघू दे. 1903च्या सुमारास त्यांच्या हाती कार नावाच्या लेखकाचं पुस्तक पडलं, हजारो निष्कर्षांचं, सिद्धता जवळपास नसलेलं. गणितापायी बाकीचे विषय राहिले, कुंभकोणमच्या कॉलेजातली शिष्यवृत्ती गेली. एकट्याने शोधलेलं बरंच काही युरोपात आधीच माहीत होतं. 1913मध्ये इंग्लंडमधले गणितज्ञ हार्डी यांना पाठवलेल्या निष्कर्षांत अविभाज्य संख्यांबद्दलचे काही दावे चुकीचे होते, आणि ते दाखवायला हार्डींसारखा माणूस लागला. एवढ्या प्रतिभेला तपासणारा लागतो, तर आपली काय कथा! शिवाय बारावीचे मार्क सोडून देऊ नका. पुढची काही दारं अजून त्यांनीही उघडतात.

साहित्याचा तुटवडा आता नाही. फाइनमन यांची व्याख्यानं कॅलटेकच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मानखुर्दचं होमी भाभा केंद्र ऑलिंपियाडचं काम बघतं. तिथले जुने पेपर सोडवा, उत्तरं नंतर बघा. कमी आहे ती तपासणाऱ्याची. जवळच्या कॉलेजातल्या गणिताच्या सरांना टेन्सर येत नसतील कदाचित, पण तुमच्या सिद्धतेत सीमा आणि संकलन यांची अदलाबदल कुठे फुकटात झाली ते बरोबर दाखवतील.

लांबच्या प्राध्यापकांना लिहायचं असेल, तर ‘माझा नवा सिद्धांत’ अशा मथळ्याचं लिहू नका. तसली पत्रं त्यांना भरपूर येतात. एकच प्रश्न विचारा, दहा ओळींत. सोबत आपण केलेल्या प्रयत्नाचं पान जोडा आणि ज्या ओळीवर अडलात तिथे पेन्सिलीने खूण करा.