परदेशी प्राणी ठेवताय? आधी वणीचा मे बघा

कृषी पर्यटन केंद्रावर हुरड्याच्या जोडीला चार परदेशी प्राणी ठेवले, की पोरं आईबापांना ओढत आणतात. पण डिसेंबरात आणलेला प्राणी मे महिन्यातही तिथंच असतो, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचा पारा तेव्हा ४५ अंशांच्या वर जातो. म्हणून निवड करायची ती उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून.

त्याआधी कागद. आपल्याकडचा पोपट किंवा तारांकित कासव पिंजऱ्यात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. ‘घरीच वाढवलंय’ हे उत्तर तिथं चालत नाही. इग्वाना, बॉल पायथन, मार्मोसेट हे परदेशी प्राणी २०२२ च्या दुरुस्तीनंतर चौथ्या अनुसूचीत येतात. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंदणी परिवेश पोर्टलवर करावी लागते. नवा प्राणी घेतला तर ३० दिवसांत, आणि पिल्लं झाली, प्राणी मेला किंवा दुसऱ्याला दिला तरी कळवावं लागतं. शिवाय तिकीट लावून प्राणी दाखवायचे असतील, तर कोणती परवानगी लागेल ते वनविभागाला अर्ज करून लेखी विचारा. विक्रेत्याच्या तोंडी हमीवर जाऊ नका.

माझं मत स्पष्ट आहे: सुरुवातीला इग्वाना-अजगराच्या नादी लागूच नये. बजरीगर, कॉकाटील, ससा आणि गिनीपिग एवढं पुरे. त्यातही गिनीपिगला जपायला हवं. त्याला १८ ते २४ अंश मानवतं. तिशीच्या पुढे तो धापा टाकतो, लाळ गाळतो, अंग पसरून पडतो. अशा वेळी सावलीत नेऊन कान आणि पाय साध्या पाण्याच्या फडक्यानं ओले करा. बर्फाचं पाणी ओतू नका.

टिनाचं शेड म्हणजे भट्टीच. टिन घातलंच असेल तर वर तुराट्या-पऱ्हाट्यांचा जाड थर द्या, पश्चिमेला वाळ्याची ताटी लावा आणि कूलरला इन्व्हर्टर जोडा, कारण वीज नेमकी दुपारी जाते. पावसाळ्याच्या दमट हवेत कूलर उपयोगाचा नाही, तेव्हा एक्झॉस्ट पंखा हवा. आत माठ आडवे ठेवून बाहेरून ओलं पोतं गुंडाळलं, तर भर दुपारी गिनीपिग त्यातच जाऊन बसतात. जाळी अर्ध्या इंचाची, तळाशी जमिनीत हातभर गाडलेली हवी. घूस, मुंगूस आणि नाग या तिघांनाही ती अडवते.

इथं कोळशाचे ट्रक दिवसरात्र धावतात. पक्ष्यांची फुप्फुसं नाजूक, त्यामुळे पिंजरे रस्त्यापासून दूर, झाडांच्या आड ठेवा. कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा. कँटीन पक्ष्यांना लागून नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या वाफेनं पक्षी पटापट मरतात.

चारा कापसाच्या धुऱ्यावरून मुळीच कापू नका. फवारणीच्या विषानं माणसंही दगावतात, हे यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ मध्ये पाहिलंय. वाळलेलं गवत सशाला आणि गिनीपिगला चोवीस तास समोर असावं. गिनीपिगच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून त्याला रोज थोडी ढोबळी मिरची, कोथिंबीर किंवा पेरूची फोड द्या. भात, पोळी, बिस्किट बंद. पाहुण्यांच्या हातचंही बंद.

नर-मादी पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. सशिणीचा गाभणकाळ जेमतेम महिनाभराचा, आणि व्यायल्याबरोबर ती पुन्हा गाभण राहू शकते. वाढलेली संख्या निर्गुडा नदीकाठी सोडून मोकळं होण्याचा विचारही नको.

मुलांनी प्राणी उचलायचा नाही. जमिनीवर बसून मांडीवर घ्यायचा, तोही मोठ्यांसमोर. उंचावरून पडलेल्या सशाचा कणा मोडतो. बाहेर पडताना साबणानं हात धुणं सक्तीचं. दर तासाभरानं प्राण्यांना माणसं दिसणार नाहीत अशी सुट्टी द्या.

डॉक्टर आधी शोधा, प्राणी नंतर आणा. गाई-म्हशींच्या डॉक्टरांनाही आठवण करून द्या, की सशाला आणि गिनीपिगला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन दिलं तर ते जिवावर बेतू शकतं. गुंतागुंतीच्या दुखण्यासाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. उन्हाळ्यात तिकडे निघायचं तर पहाटेच. गिनीपिगसोबत त्याचा जोडीदार घ्या आणि पेटीत काकडीच्या फोडी टाका, हलत्या गाडीत भांड्यातलं पाणी सांडतं.