त्यांचं उत्तर, आपली अडचण

वेब कॉन्फरन्सहून परतलेला डेव्हलपर पहिल्या आठवड्यात जे ठरवतो, ते त्याच्या टीमला पुढं कित्येक वर्षं निस्तरावं लागतं. नव्याचे नऊ दिवस सरतात, पण तोवर चालता कोड मोडून नव्या फ्रेमवर्कमध्ये लिहायला घेतलेला असतो. म्हणून बंगळूर, पुणे किंवा गोव्यातल्या कॉन्फरन्सचं तिकीट काढणाऱ्यांना, विशेषतः कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाड्यासारख्या गावांतून या धंद्यात आलेल्या मुलामुलींना, माझं सांगणं एकच आहे. मंचावर दाखवलेलं प्रत्येक तंत्र कुणाच्या तरी अडचणीवरचं उत्तर असतं. ती अडचण आपलीही आहे का, हे तपासल्याशिवाय ते उत्तर घरी आणू नका.

याला पुरावा कॉन्फरन्सच्याच इतिहासात आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फ ईयूमध्ये रायन डालनं नोड लोकांपुढं मांडलं आणि सभागृहानं ते डोक्यावर घेतलं. २०१८ मध्ये त्याच कॉन्फरन्सच्या मंचावरून त्यानंच नोडबद्दल पश्चात्ताप वाटणाऱ्या १० गोष्टी सांगितल्या. सुरक्षेचा विचार कमी पडला, पॅकेजांची आणि नोड मॉड्यूल्सची रचना चुकली, प्रॉमिस सुरुवातीलाच काढून टाकायला नको होते, असं त्याचं म्हणणं होतं. उलट, मे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या जेएसकॉन्फमध्ये फेसबुकनं रिॲक्ट दाखवलं, तेव्हा जावास्क्रिप्टमध्येच एचटीएमएलसारखं लिहायचं या कल्पनेला अनेकांनी नाकं मुरडली होती. पुढं दोन्ही तंत्रं जगभर पसरली. म्हणजे सभागृहातल्या टाळ्या आणि सभागृहातली नाकं, दोन्हींवरून निकाल देता येत नाही. नोड घडवणाऱ्या डाललाच त्यातल्या उणिवा नीट दिसायला नऊ वर्षं लागली. त्या ऐकणाऱ्याला अर्ध्या तासात कळतील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

मग तपासायचं कशावर? इथं कुंभारवाड्याच्या माणसाकडं शहरातल्यापेक्षा चांगली कसोटी आहे. काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, डोंगर आणि विरळ वस्ती यांमुळं या भागात रेंज शोधत फिरणं नवं नाही. मंचावरचा डेमो बहुधा स्पीकरच्या स्वतःच्या लॅपटॉपवरूनच चालतो, त्यामुळं पान डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच उघडतं. आता साधा हिशेब करा. १ एमबीची जावास्क्रिप्ट म्हणजे सुमारे ८० लाख बिट. रेंजच्या कडेला सेकंदाला १ लाख बिट मिळत असतील, तर ती उतरायलाच ८० सेकंद लागतील. त्यानंतर स्वस्तातला फोन ती चालवणार. जोयड्यातल्या एखाद्या होमस्टेच्या पानावर पाहुण्याला हवं असतं काय? खोलीचा दर, दोन फोटो, फोन नंबर. साध्या एचटीएमएलमध्ये दर आणि नंबर फोटोंच्या आधीच डोळ्यांपुढं येते. त्यासाठी ८० सेकंद कोऱ्या पडद्याकडं कोण बघत बसेल?

हे केवळ खेड्यातलं गाऱ्हाणं नाही. २०१५ मध्ये फ्लिपकार्टनं मोबाईल वेबसाईट बंद करून ग्राहकांना ॲपकडं वळवलं होतं आणि मिंत्रा तर पूर्णपणे ॲपवर गेलं होतं. ‘वेब संपलं, आता ॲपच’ हा त्या काळचा सूर होता. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लिपकार्ट ‘लाइट’ घेऊन मोबाईल वेबवर परतलं. पानाचे भाग फोनमध्येच साठवून ठेवणारा सर्व्हिस वर्कर त्यात वापरला होता, कारण कमी डेटा आणि तुटक नेटवर्क ही त्यांच्या ग्राहकांची खरी अडचण होती. आधी अडचण ओळखली आणि मग तंत्र निवडलं, म्हणून ते उत्तर उपयोगी पडलं.

यावर पहिला आक्षेप असा, की आमचे ग्राहक अमेरिकेत बसलेत, त्यांना कुंभारवाड्याच्या रेंजशी काय देणंघेणं? आक्षेप रास्त आहे. ऑफिसातल्या वेगवान नेटवर्कवर दिवसभर उघडं राहणारं सॉफ्टवेअर असेल तर जड फ्रेमवर्कही खुशाल वापरावं. मुद्दा ‘हलकं ते चांगलं’ असा नाहीच, ‘कुणासाठी’ असा आहे. दुसरा आक्षेप नोकरीचा: मुलाखतीत तर नवंच विचारतात. मग नवं जरूर शिका, शनिवार-रविवारी त्यात काहीतरी बनवूनही बघा. पण शिकणं वेगळं आणि दुसऱ्याच्या पैशांवर चालणाऱ्या प्रॉडक्शनमध्ये ते घुसवणं वेगळं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. बहुतेक टॉक नंतर यूट्यूबवर फुकट मिळतात, मग रात्रभर बसनं बंगळूर गाठायचं कशाला? फक्त ऐकायचं असेल तर खरोखर जाऊ नये. व्हिडिओत जे मिळत नाही त्यासाठी जावं. मंचावर यश सांगितलं जातं आणि काय फसलं ते चहाच्या टेबलाशी कळतं, तेही विचारलं तर. किती माणसांच्या टीमनं हे केलं? जुन्यातून नव्यात यायला किती महिने गेले? हळू नेटवर्कवर मोजलंत का? आज पुन्हा करायचं झालं तर हेच निवडाल का? एवढ्यासाठी मोडकंतोडकं इंग्रजी पुरतं. पुण्या-गोव्यात तर मराठी-कोकणी बोलणारं कुणी ना कुणी भेटतंच.

तेव्हा तिकीट काढण्याआधी आपल्या प्रोजेक्टमधली सध्या छळणारी एक अडचण चार ओळींत लिहून काढा, जमल्यास आकड्यांसह: पान उघडायला किती सेकंद लागतात, कुठल्या फोनवर, कुठल्या नेटवर्कवर. वेळापत्रकातले टॉक त्या ओळींच्या आधारानं निवडा. स्पॉन्सर कंपनीचा माणूस बोलणार असेल, तर तो काय विकतो हे आधी पाहून ठेवा. परतल्यावर महिनाभर चालत्या कोडला हात लावू नका. आवडलेल्या तंत्रात एकच छोटं पान बनवा, ब्राउझरमध्ये नेटवर्कचा वेग मुद्दाम उतरवून मोजा आणि सुट्टीला गावी गेलात की घरच्या जुन्या फोनवर उघडून बघा. आकडे सुधारले तर टीमपुढं आकडे ठेवा, स्पीकरचं नाव नको. आणि सुधारले नाहीत तरी तिकिटाचे पैसे वाया गेले असं समजू नका. एक चुकीचं स्थलांतर टळलं, तर तिकिटाच्या कितीतरी पट वसूल झालं.