शेंदरी बोंडअळी : प्रतिकाराचे गणित आणि कपाशीचे नियोजन

शेंदरी बोंडअळी ही जवळजवळ पूर्णपणे कपाशीवरच जगणारी कीड आहे. मादी पतंग पात्या, फुले व कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी लगेच आत शिरते आणि तिने पाडलेले छिद्र बुजून जाते. अळी शिरलेले फूल नीट उमलत नाही. पाकळ्या एकमेकींत गुरफटून राहतात. अशा फुलाला डोमकळी म्हणतात. बोंड बाहेरून हिरवेगार दिसते. फोडले की किडलेली सरकी आणि डागाळलेली रुई हाती येते. फवारा आतल्या अळीपर्यंत पोहोचत नाही आणि नुकसान बहुधा वेचणीलाच कळते.

या किडीसह सर्व बोंडअळ्यांवर उपाय म्हणून २००२ मध्ये एका जनुकाची आणि २००६ मध्ये दोन जनुकांची बीटी कपाशी देशात आली. सुरुवातीला फवारण्या कमी झाल्या. २०१० मध्ये गुजरातेतील शेंदरी अळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. पुढे दुसरेही निष्प्रभ ठरू लागले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर मोठे नुकसान झाले. शेवगाव, पाथर्डी, नेवासा या अहिल्यानगरच्या कापूसपट्ट्यालाही आता दरवर्षी या अळीचा हिशेब धरूनच लागवड करावी लागते.

बीटीचे विष अळीत प्रतिकार निर्माण करत नाही. आधीपासून असलेल्या मोजक्या प्रतिकारक्षम अळ्यांना ते वेगळे काढते. बाकीच्या मरतात, या उरतात आणि आपसांतच प्रजनन करतात. आसपास बिगरबीटी कपाशी असेल, तर तेथे वाढलेल्या साध्या पतंगांशी त्यांचे मीलन होते आणि संकरित संततीतील बहुतेक अळ्या बीटीवर मरतात. यासाठीच बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणे दिले जाई आणि कडेने पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल त्यावर ते लावण्याची अट होती. प्रत्यक्षात हे ‘रेफ्युजी’ बियाणे बांधावर पडून राहिले किंवा नांग्या भरण्यात गेले. हिरवी अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो यांवरही जगते. ही पिके तिच्यासाठी आपोआप आश्रय ठरली आणि बीटीसमोर ती बराच काळ नमली. शेंदरी अळीला असा दुसरा आसरा नव्हता.

भर पडली फरदडीची. पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत पीक राखले की अळीच्या आणखी पिढ्या बीटीवरच वाढतात. त्यातच संकरित वाणाच्या बोंडातील काही सरक्यांत विष नसते, काहींत एकच विष असते. अशी सरकी खाऊन अर्धवट प्रतिकारक्षम अळीही तग धरते.

यावरून ठरणारे नियोजन असे :

• जूनपूर्वी लागवड करू नये. पहिल्या पावसानंतर सुप्तावस्थेतून निघालेल्या पतंगांना पात्या-फुले मिळाली नाहीत, तर त्यांची पिढी पुढे सरकत नाही.
• लवकर तयार होणारा वाण घेऊन डिसेंबरअखेर शेत मोकळे करावे. शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या चरू द्याव्यात, पऱ्हाटी उपटून नष्ट करावी आणि नांगरट करावी. बांधावर रचलेल्या पऱ्हाटीत अळी सुप्तावस्थेत टिकते.
• हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग आले, तर उपाय करावा. जिनिंगच्या आवारातही सापळे लावावेत.
• डोमकळ्या तोडून नष्ट कराव्यात. वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत. दोनांत अळी असल्यास फवारणी करावी.
• सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. एकाच गटाचे कीटकनाशक लागोपाठ फवारू नये. सिंथेटिक पायरेथ्रॉइड लवकर वापरल्यास पांढरी माशी वाढते.

गोठ्यातही निवडीचे हेच गणित चालते. गाईला दगडी झाल्यावर अर्धवट प्रतिजैविक दिल्यास चिवट जिवाणू उरू शकतात. जिवाणू तर प्रतिकाराची जनुके दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात, त्यामुळे तेथे आश्रय पिकासारखी सोय नाही. पशुवैद्यकाने सांगितलेलेच औषध, सांगितलेल्या मात्रेत आणि दिवसांत पूर्ण द्यावे, तसेच त्या काळातील व त्यानंतर ठरवून दिलेल्या मुदतीतील दूध डेअरीला घालू नये.