नेरुळचा पहिला हंगाम आणि दहा लाखांच्या खेळाडू

एखाद्या खेळाला व्यवसायाचे रूप केव्हा येते? खेळाडूंना पैसे मिळू लागले की येते, असे उत्तर सहज दिले जाते. पण ते अपुरे आहे. सर्वांत वरच्या खेळाडूला काय मिळाले यापेक्षा सर्वांत खालच्या खेळाडूला काय मिळाले आणि पुढल्या वर्षी तिला काम उरले काय, हे पाहिल्याशिवाय त्या व्यवसायाची परीक्षा होत नाही. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. त्यामुळे धावफलकाइतकीच मला वेतनाच्या यादीची उत्सुकता. या दृष्टीने महिला प्रीमियर लीगचा पहिला, म्हणजे २०२३ सालचा हंगाम अभ्यासण्याजोगा आहे. त्याचे निम्मे सामने आपल्या नवी मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले, हे आणखी एक निमित्त.

थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ साली स्थापन झाली आणि त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात भरली. तीत उतरले होते अवघे तीन संघ. पुढे कित्येक वर्षे चांगल्या खेळाडूला आधार होता तो रेल्वेतल्या नोकरीचा. डायना एडुलजी पश्चिम रेल्वेत होत्या. २००६ साली महिला क्रिकेटचा कारभार नियामक मंडळाकडे, म्हणजे बी. सी. सी. आय.कडे आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने स्त्री-पुरुष खेळाडूंना आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मानधन सारखेच केले : कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, वीस षटकांच्या सामन्याला ३ लाख रुपये. तथापि हे मानधन देशाच्या संघात निवड झालेल्यांपुरते. बाकीच्यांचे काय, हा प्रश्न शिल्लक राहिला होता.

त्याचे एक उत्तर १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत झालेल्या लिलावात मिळाले. पाच संघ, प्रत्येकाच्या हाती खर्चाला १२ कोटी रुपये. यादीत ४०९ नावे होती, पैकी २४६ भारतीय. विकल्या गेल्या ८७ खेळाडू, त्यांत ३० परदेशी. म्हणजे सबंध देशातून ५७ मुलींना जागा मिळाली. एकूण खर्च ५९.५ कोटी. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला बंगळूरच्या संघाने ३ कोटी ४० लाख रुपये दिले आणि वृत्तपत्रांचे मथळे त्या आकड्याने भरले. माझे लक्ष मात्र यादीच्या तळाशी होते. तेथे दहा लाख रुपयांची रांग होती. स्मृतीच्या रकमेचा चौतिसावा हिस्सा! तरीही देशासाठी वीस षटकांचे तीन सामने खेळून जे मिळेल त्याहून हे अधिकच होते, आणि ते मिळत होते बहुतांशी देशासाठी एकही सामना न खेळलेल्या मुलींना.

दुसऱ्या बाजूचे आकडेही पाहावेत. पाच संघांची मालकी दहा वर्षांसाठी ४,६६९.९९ कोटींना विकली गेली होती. प्रक्षेपणाच्या हक्कांचे पाच वर्षांचे ९५१ कोटी ठरले, म्हणजे वर्षाला सुमारे १९० कोटी. या रकमांशेजारी खेळाडूंचे साठ कोटी ठेवले की वाटणी कशी झाली ते वाचकांच्या सहज ध्यानात येईल. मला ती न्याय्य वाटत नाही. पण ज्या धंद्याचा एकही सामना अजून झालेला नव्हता त्यात मालकांनी जोखीम घेतली होती, हेही नाकारता येत नाही.

जोखीम म्हणजे काय, हे समजण्यासाठी दूरचे एक उदाहरण घेऊ. कॅनडात बर्फावरची हॉकी हा लोकप्रिय खेळ. तेथे १९१७ च्या डिसेंबरात नॅशनल हॉकी लीगचा पहिला हंगाम चार संघांनिशी सुरू झाला. त्यांपैकी माँट्रियल शहराचे दोन्ही संघ एकाच क्रीडागृहात खेळत. २ जानेवारी १९१८ रोजी ते क्रीडागृह आगीत भस्मसात झाले. वाँडरर्स हा संघ अवघे चार सामने खेळून कायमचा बाहेर पडला. उरलेल्या तिघांनी हंगाम पुरा केला. पहिल्या हंगामाचा जीव असा एखाद्या छपरात असतो. आपल्याकडे तर पाचही संघांना पहिल्या वर्षी स्वतःचे मैदानच नव्हते. बावीसच्या बावीस सामने नेरुळ आणि ब्रेबॉर्न या दोन मैदानांवर उरकले गेले. दिल्ली, लखनौ, बंगळूर ही नावे होती, गावे नव्हती.

हंगाम सुरू झाला ४ मार्चला, नेरुळला. मुंबईने हरमनप्रीत कौरच्या ३० चेंडूंतील ६५ धावांच्या जोरावर ५ बाद २०७ धावा केल्या आणि गुजरातचा डाव ६४ धावांत आटोपला. सामना एकतर्फी झाला खरा. पण त्यात कोलकात्याची डावखुरी फिरकी गोलंदाज सायका इशाक हिने ११ धावांत ४ बळी घेतले. सायका ही दहा लाखांची खेळाडू. हंगामाअखेर तिच्या नावावर १५ बळी होते. उलट स्मृतीच्या आठ सामन्यांत मिळून १४९ धावा झाल्या, आणि तिचा संघ पहिले पाचही सामने हरला. यावरून लिलावाची किंमत खोटी असते असे म्हणणे उतावीळपणाचे होईल (पुढच्याच वर्षी स्मृतीच्या संघाने अजिंक्यपद मिळविले). परंतु खालच्या किमती अंदाजानेच ठरल्या होत्या, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी नेरुळलाच सोलापूर जिल्ह्याच्या किरण नवगिरेने उत्तर प्रदेशच्या संघाकडून ५३ धावा केल्या. तिची बॅट कॅमेऱ्यात दिसली, तेव्हा तीवर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. धोनीची आद्याक्षरे आणि ०७ हा आकडा तिने शाईने स्वतःच लिहिला होता. हीच किरण २०२२ मध्ये नागालँडकडून ७६ चेंडूंत १६२ धावा करून गेली होती! तरी व्यावसायिक स्पर्धेत ती उतरली ती कोऱ्या बॅटनिशी. हौशी आणि व्यावसायिक या दोन काळांमधली सीमारेषा कोठे दाखवा म्हटले, तर मी ती बॅट दाखवीन.

महिलांना प्रवेश मोफत असल्याने २४ मार्चचा एलिमिनेटर सामना आम्ही मैत्रिणींनी प्रत्यक्ष पाहिला. मुंबईच्या इसी वाँगने लागोपाठ तीन चेंडूंवर किरण, धारावीची सिमरन शेख आणि सोफी एकलस्टन यांना बाद करून स्पर्धेतली पहिली हॅटट्रिक साधली. मुंबई ७२ धावांनी जिंकली. दोन दिवसांनी ब्रेबॉर्नवर तिने दिल्लीला सात गडी राखून हरविले आणि पहिला करंडक नेला. असो, हा भाग सर्वांना ठाऊक आहे.

हंगाम तेवीस दिवसांचा होता. मग उरलेल्या वर्षाचे काय? ६ डिसेंबर २०२३ रोजी वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध वीस षटकांच्या सामन्यात भारताकडून दोन मुलींनी पदार्पण केले : सायका इशाक आणि श्रेयांका पाटील. दोघीही दहा लाखांच्या यादीतल्या. सिमरन शेख हीसुद्धा त्याच यादीतली, परंतु तिच्या बॅटीतून पहिल्या हंगामात फारशा धावा निघाल्या नाहीत आणि संघाने तिला मोकळे केले. डिसेंबर २०२४ च्या लिलावात तिचे नाव पुन्हा दहा लाखांवरच पुकारले गेले. बोली वाढत गेली आणि गुजरातने तिला १ कोटी ९० लाखांना घेतले.